चढावर १७८ ठोके: हृदयगतीचा पट्टा आणि सायकल कॉम्प्युटर यांचे आकडे कसे वाचावेत

प्रश्नकर्त्यांनी आपली हकीकत सविस्तर लिहिली आहे. तिचा सारांश आधी देतो, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावरच बेतलेले आहे. वय ४७, बैठी नोकरी, गेली दोन वर्षे कोथरूडहून आठवड्यातून तीनदा सायकल. गणपतीच्या सुमारास त्यांनी सायकल कॉम्प्युटर आणि त्याच्याबरोबर छातीला बांधायचा हृदयगतीचा पट्टा घेतला. ऑक्टोबरात सिंहगड चढताना पडद्यावर १७८ हा आकडा आला, यंत्र सारखे वाजू लागले, आणि ‘२२० वजा वय’ या हिशेबाने आपली मर्यादा १७३ असल्याचे ठाऊक असल्यामुळे ते घाबरून अर्ध्या घाटातून परत फिरले. त्याच वेळी मनगटावरचे घड्याळ मात्र १५२ दाखवत होते. सकाळी उठल्याबरोबर मोजलेली त्यांची नाडी ६० असते. जानेवारीत २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर, करण्याचा त्यांचा विचार आहे. १७८ हा आकडा धोक्याचा होता का, दोन यंत्रांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, आणि सायकल चालवताना पडद्यावर नेमके काय पाहावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

धोक्याविषयी आधी लिहितो. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना, छातीत दुखत नसताना आणि भोवळ आलेली नसताना दिसलेला १७८ हा आकडा एवढ्यावरून धोक्याचा ठरत नाही. तरीही चाळिशी ओलांडलेल्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने व्यायामाचा जोर वाढवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा स्वतःला रक्तदाब वा मधुमेह असेल, तर या बाबतीत चालढकल करूच नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असल्यास ते औषधच ठोके वर जाऊ देत नाही. अशा व्यक्तीला खाली दिलेला कोणताही हिशेब लागू पडत नाही आणि तिने आकड्याऐवजी दमावर लक्ष ठेवावे. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही जाणवले तर पडदा काय दाखवतो हा विचारच करू नये, थांबावे आणि मदत मागवावी. १४०वर चाललेला आकडा एका क्षणात २००वर गेला, थांबल्यानंतरही काही मिनिटे तिथेच राहिला आणि छातीत ठोके वेडेवाकडे पडत असल्याचे जाणवले, तर तेही डॉक्टरांचेच काम आहे. त्या दिवशीची नोंद पुसू नका; तो आलेख डॉक्टरांना दाखवण्यासारखा असतो.

आता त्या १७३चे काय ते पाहू. १९७०च्या सुमारास सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकी संशोधकांनी आधीच प्रसिद्ध झालेल्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले आणि त्यांतून जाणारी एक ढोबळ रेघ म्हणून ‘२२० वजा वय’ हे सूत्र पुढे आले. तोंडपाठ राहण्याइतके सोपे असल्यामुळे ते व्यायामशाळेच्या भिंतीवर गेले, तिथून यंत्रांत गेले आणि तुमच्या कॉम्प्युटरने ते जन्मतारखेवरून गुपचूप लावून घेतले. २००१ साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाचे सात दशांश असे सुधारित सूत्र दिले. त्याने तुमचा आकडा १७५ येतो. परंतु कोणतेही सूत्र घेतले तरी ते सरासरीचे असते, आणि एकाच वयाच्या माणसांच्या कमाल हृदयगतीत त्या सरासरीच्या वर-खाली दहा-बारा ठोक्यांचा फरक ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. सत्तेचाळिशीच्या दोन धडधाकट माणसांपैकी एकाची कमाल १६५ आणि दुसऱ्याची १८८ असू शकते, आणि त्यावरून दोघांपैकी कोणाचे हृदय अधिक चांगले हे ठरत नाही. तुम्ही १७८ ठोके प्रत्यक्ष गाठलेत आणि तेव्हा तुमचा जोर पुरता संपलेला नव्हता, याचा साधा अर्थ तुमची कमाल १७८च्या वर आहे एवढाच होतो. ती १८४च्या आसपास असेल असे धरून मी पुढे चालतो. यंत्रातला १७३ हा आकडा आजच बदला, म्हणजे ते विनाकारण वाजायचे थांबेल.

दुसरा प्रश्न पट्टा आणि घड्याळ यांचा. छातीचा पट्टा हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर त्वचेपर्यंत पोचणारा अगदी सूक्ष्म विद्युत संकेत टिपतो. दवाखान्यातला ईसीजी ज्यावर चालतो तोच हा संकेत. फिनलंडमधल्या पोलर या कंपनीने १९८२ साली पट्ट्याकडून मनगटावरच्या यंत्राकडे बिनतारी आकडा पाठवणारे साधन बाजारात आणले, आणि तत्त्व तेव्हापासून आजतागायत तेच आहे. मनगटावरच्या घड्याळाची रीत वेगळी आहे. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते, रक्ताची लाट येते-जाते तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून ते ठोक्यांचा अंदाज बांधते. बसल्या जागी किंवा चालताना हा अंदाज उत्तम असतो. सायकलवर मात्र मनगट वाकलेले असते, पंजा हँडलबार आवळून धरतो, रस्त्याचे हादरे थेट हातात येतात आणि थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. अशा वेळी घड्याळ मागे पडते, किंवा त्याहून फसवे म्हणजे पायांच्या लयीलाच नाडी समजून बसते. माझ्या एका शिष्याचे घड्याळ सपाट रस्त्यावर बराच वेळ ८८ आणि ८९च्या पलीकडे जात नव्हते; त्याचे पेडल मिनिटाला नेमके तेवढेच फिरत होते. तेव्हा सिंहगडावर खरे बोलत होता तो पट्टा. पट्टा छातीला सोसत नसेल तर दंडावर बांधायचा प्रकाशाचाच पट्टा मिळतो, तो मनगटापेक्षा बराच बरा.

पट्टाही खोटे बोलतो, पण त्याची खोटे बोलण्याची कारणे ठरलेली आहेत आणि ती एकदा कळली की घाबरायला होत नाही. डिसेंबरातल्या एका पहाटे पाषाण रस्त्यावर, घरून निघून जेमतेम पाच मिनिटे झालेली असताना, माझ्या पडद्यावर १९८ आकडा आला. श्वास शांत होता, अंग थंड होते. मी थांबलो, जर्सीखाली हात घालून पट्टा ताणला आणि बाटलीतले दोन घोट पाणी त्याच्या आतल्या दोन्ही काळ्या पट्ट्यांवर चोळले. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला १०४ दिसू लागले. त्वचा कोरडी असताना त्या काळ्या इलेक्ट्रोडना संकेत नीट मिळत नाही. घाम सुटला की आपोआप सगळे सुरळीत होते, पण तोवरची पंधरा मिनिटे नोंदीत कचरा भरतो. म्हणून बांधण्याआधीच पट्टा ओला करावा. तो छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांना चिकटून बसावा, खोल श्वास घेताना काचू नये आणि उठाबशा काढताना सरकू नये, एवढा घट्ट असावा. दुसरा खोटेपणा उतारावरचा. सैल सिंथेटिक जर्सी वाऱ्याने फडफडली की घर्षणाने वीज साठते आणि पाय स्थिर असताना आकडा २१०-२२०कडे उडी मारतो. घाटाच्या उतारावर दिसलेला असा सुळका आलेखात आढळला तर तो मोजू नका.

पट्ट्याची निगा ही फार सोपी गोष्ट आहे आणि बहुतेक लोक ती करत नाहीत. घरी आल्यावर पुढची डबी दोन्ही बटनांतून काढून ठेवावी, कारण ओला पट्टा बटनांना लागून राहिला तर डबीला आपण अजून छातीवरच आहोत असे वाटते आणि आतला सेल रात्रभर उतरत राहतो. कापडी भाग साध्या पाण्याने विसळावा, आठवड्याने सौम्य साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा. बहुतेक पट्ट्यांत सीआर २०३२ हा बटन सेल लागतो, तो घड्याळजीकडे किंवा किराणा दुकानातही मिळतो. एक सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. पट्टा जोडताना तो कॉम्प्युटरच्या सेन्सरांच्या यादीत जोडावा. आधी फोनच्या ब्लूटूथला जोडला तर काही पट्टे फोनलाच धरून बसतात आणि कॉम्प्युटरला सापडत नाहीत. एएनटी प्लस या दुसऱ्या बिनतारी जोडणीवर ही अडचण येत नाही.

आता खरा मुद्दा. हृदयगती म्हणजे श्रमाला शरीराने दिलेले उत्तर, आणि ते उत्तर उशिरा येते. गोळेवाडीचा सपाट रस्ता संपून सिंहगडाचा चढ सुरू होतो तेव्हा पाय पहिल्याच वळणावर पूर्ण जोर लावतात, पडदा मात्र १३०-१३५ दाखवत असतो. हा आकडा पाहून माणसाला वाटते की आज तब्येत छान आहे, अजून जोर लावायला हरकत नाही. दीड-दोन मिनिटांनी आकडा १५५ होतो, पाचव्या मिनिटाला १६८, आणि तोवर मांड्यांत जे साठायचे ते साठून गेलेले असते. तुमच्या नोंदीत नेमके हेच दिसते: चढाची पहिली चार मिनिटे ताशी १२ किलोमीटर, नंतर ९, नंतर ७, आणि वेग उतरत असतानाही ठोके चढतच गेलेले. म्हणजे १७८ हा आकडा ज्या क्षणी दिसला त्या क्षणाची चूक त्यात नव्हतीच. ती वीस मिनिटे आधीची होती. या यंत्राचा उपयोग पुढे रेटण्यासाठी करणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा उपयोग चढाच्या सुरुवातीला स्वतःला आवरण्यासाठी आहे.

आवरायचे किती, हे ठरवायला कमाल आकड्यापेक्षा उंबरठ्याचा आकडा जास्त कामाचा असतो. उंबरठा म्हणजे ज्या जोराने माणूस साधारण तासभर टिकू शकतो त्या जोरावरची हृदयगती. ती शोधण्याची जो फ्रील या अमेरिकी प्रशिक्षकांची पद्धत घरच्या घरी करता येते. वीस मिनिटे अंग गरम करून घ्यायचे, मग एकट्याने, कोणाच्या मागे न लपता, ३० मिनिटे आपल्याला सलग झेपेल तितक्या जोराने चालवायचे. दहा मिनिटे झाली की लॅपचे बटन दाबायचे आणि उरलेल्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती पाहायची. ती सरासरी म्हणजे तुमचा उंबरठा. पुण्यात ३० मिनिटे न थांबता चालवता येईल असा सपाट रस्ता शोधणे हीच यातली खरी परीक्षा आहे; सिग्नल, गतिरोधक आणि उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या सगळे बिघडवतात. त्यामुळे सिंहगडच बरा, पण आडवारी आणि उजाडता उजाडता, कारण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग असते. घरात सायकल एका जागी चालवण्याच्या ट्रेनरवर करायचे झाल्यास समोर मोठा पंखा हवाच. नाहीतर घरातल्या उकाड्याने आकडा उगाच वर जातो.

तुमच्या जुन्या नोंदी पाहता तुमचा उंबरठा १६४च्या जवळपास निघेल असा माझा अंदाज आहे. चाचणीनंतर खरा आकडा घाला आणि हिशेब पुन्हा करा. फ्रील यांच्या कोष्टकाप्रमाणे उंबरठ्याच्या ८१ ते ८९ टक्के हा लांब पल्ल्यासाठीचा टप्पा, म्हणजे तुमच्यासाठी १३३ ते १४६. त्याच्या वर १४८ ते १५३ हा मधला भाग येतो, ज्यात बरे वाटते पण दमायलाही होते. आणि १५४ ते १६२ हा चढावर वीस-तीस मिनिटे सोसता येईल असा जोर. ताळा म्हणून दुसऱ्या रीतीने पाहू. फिनलंडचेच कार्व्होनेन यांनी १९५७ साली कमाल आणि विश्रांतीची हृदयगती यांतल्या फरकावरून हिशेब करण्याची पद्धत दिली. तुमची कमाल १८४ आणि विश्रांतीची ६० धरली तर फरक १२४. त्याचे ६० ते ७० टक्के साठात मिळवले की १३४ ते १४७ येतात. दोन वेगळ्या वाटांनी गेलो तरी मुक्काम एकच आला, त्यामुळे यंत्रात हे आकडे निर्धास्त घाला. आणखी एक ताळा बिनखर्चाचा आहे: १४०वर चालवताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागले तर कोष्टक बाजूला ठेवा आणि गिअर हलका करा.

गिअरचा विषय निघालाच आहे तर तुमच्या सायकलबद्दल लिहितो, कारण सिंहगडावरच्या १७८चे निम्मे कारण तिथे आहे. तुमच्या सायकलला पुढे ३४ दात्यांची लहान चेनरिंग आणि मागे सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची आहे. ७०० बाय २८च्या टायरवर ताशी ७.७ किलोमीटर वेगाने चढताना या जोडीवर पेडल मिनिटाला ४९ वेळा फिरते. मागे ३४ दात्यांची चकती असती तर त्याच वेगाला ६० वेळा फिरले असते. पन्नासच्या खालच्या लयीत प्रत्येक फेरा जड वजन उचलल्यासारखा होतो, माणूस सीटवरून उठतो, उठल्यावर ठोके आणखी पाच-सात वाढतात, आणि तो पुन्हा बसेपर्यंत ते उतरत नाहीत. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घेण्याचा खर्च तुमच्या कॉम्प्युटरच्या किमतीपेक्षा बराच कमी येईल. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ३४ दाते पेलतो का, आणि साखळी लांब घ्यावी लागेल का, हे मेकॅनिकला आधी विचारा. सपाटीवर ८० ते ९० आणि घाटात ६५च्या वर लय राहिली, तर हृदयगतीचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

कॉम्प्युटरच्या बाबतीत सर्वांत आधी चाकाचा परीघ तपासा. चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, सेन्सर असेल तर यंत्र फेरे मोजते आणि परिघाने गुणते; परीघ चुकला की सगळे अंतर चुकते. ७०० बाय २३च्या टायरचा परीघ २०९६ मिलिमीटर धरतात, २८चा २१३६ आणि ३२चा २१५५. बाजारातून आलेल्या यंत्रात २०९६ भरलेला असेल आणि तुम्ही ३२चा टायर चालवत असाल, तर २०० किलोमीटर झाल्यावर पडदा साधारण १९४.५च दाखवेल. कोष्टकापेक्षा प्रत्यक्ष मोजणे चांगले: नेहमीएवढी हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून भिंतीच्या आधाराने चाक सरळ रेषेत एक पूर्ण फेरा पुढे न्या, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा आणि मेजर टेपने मधले अंतर मोजा. बसून मोजायचे कारण असे, की वजनाने टायर दबतो आणि परीघ काही मिलिमीटर कमी होतो. केवळ जीपीएसवर चालणारे यंत्र मोकळ्या रस्त्यावर चांगले असते, पण बोगद्यात, दाट झाडीत आणि कड्याला चिकटून जाणाऱ्या घाटात ते अडखळते. तिथे हबवरचा सेन्सर उपयोगी पडतो.

उंची आणि चढाची टक्केवारी हे आकडे जरा सावधपणे घ्यावेत. बहुतेक चांगली यंत्रे उंची हवेच्या दाबावरून काढतात. दाब एका हेक्टोपास्कलने बदलला तर उंचीत आठ-नऊ मीटरचा फरक पडतो, आणि आपल्याकडे तर वादळ-पाऊस नसतानाही दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर आणि दुपारी चारच्या सुमारास खाली असतो, तोही तीन-चार हेक्टोपास्कलने. त्यामुळे सकाळी दहाला निघून चारला परतलेल्या माणसाचे घर तेवढ्या वेळात तीसेक मीटर उंच झालेले दिसते. पावसात यंत्राच्या तळाचे बारीक छिद्र पाण्याने किंवा चिखलाने बुजले तर उंचीचा आलेख आडवाच होतो. फुंकर मारून, मऊ ब्रशने साफ करावे, टाचणी कधीही खुपसू नये. चढाची टक्केवारी पडद्यावर पाच-दहा सेकंद उशिरा येते, म्हणजे खडे वळण संपल्यावर पडदा १२ टक्के दाखवतो. कॅलरींचा आकडा हा अंदाज आहे, त्याच्या भरवशावर जेवू नये. विश्रांतीचे तास, तंदुरुस्तीचे वय वगैरे गोष्टी यंत्र आपल्या समाधानासाठी दाखवते असे समजा.

पडद्यावर काय ठेवावे याचे माझे उत्तर तुम्हाला कदाचित फार कमी वाटेल. एका पानावर चारच रकाने असावेत. पहिले पान सपाटीचे: हृदयगती, लय, एकूण अंतर आणि घड्याळाची वेळ. दुसरे पान घाटाचे: हृदयगती, लय, चढाची टक्केवारी आणि माथ्यापर्यंत उरलेले अंतर. वेग मी पहिल्या पानावरून काढूनच टाकला आहे. समोरचा वारा असला की वेग पडतो, वेग पडलेला पाहून माणूस नकळत जोर लावतो, आणि हे दिवसभर चालते. वेग दिसलाच नाही तर माणूस वाऱ्याशी भांडत नाही. हृदयगतीचा आकडा तीन सेकंदांच्या सरासरीने दाखवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. वरच्या मर्यादेची सूचना घाटासाठी १६२वर लावा, आणि ती वाजली की आधी गिअर हलका करा, वेग त्यानंतर बघा.

सिंहगड पुन्हा चढाल तेव्हा एक प्रयोग करून पाहा. गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंतचा सुमारे नऊ किलोमीटरचा चढ आहे, सरासरी सहा-सात टक्क्यांचा, मध्ये काही ठिकाणी दहाच्या वरचा. पहिली दहा मिनिटे काहीही झाले तरी १४८च्या वर जायचे नाही. लोक पुढे जातील, त्यांना जाऊ द्या. मधला भाग १५५पर्यंत आणि शेवटचे दोन किलोमीटर १६२पर्यंत. खडे वळण आले की आकडा पाच-सहा ठोके वर जाईल, ते चालेल. वळणानंतर तो परत उतरतो की नाही एवढे पाहा. पहिल्यांदा हे भयंकर संथ वाटते. पण वर पोचल्यावर अर्ध्या घाटापर्यंतच्या दोन्ही वेळा ताडून पाहा, आणि पिठलं-भाकरी खाण्याइतका जीव शिल्लक आहे का तेही बघा. दर महिन्याला हाच चढ, याच आकड्यांत, शक्यतो त्याच वेळी चढा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. माझ्या वहीत बोपदेव घाटासाठी असा एक रकाना आहे. ठोके तेच आणि वेळ कमी, हा तंदुरुस्ती वाढल्याचा मला माहीत असलेला सर्वांत प्रामाणिक पुरावा. तुमच्या आकड्यांची सोबत्याच्या आकड्यांशी तुलना मात्र करू नका. तो १७०वर गप्पा मारत असेल तर ते त्याचे हृदय आहे.

उन्हाचाही विचार करायला हवा, कारण तुमचा तो दिवस ऑक्टोबरातला होता. उकाड्यात रक्ताचा एक भाग त्वचेकडे वळवला जातो, घामाने रक्तातले पाणी कमी होते, प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते आणि तेवढेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. त्यामुळे सकाळी सात वाजता ज्या वेगाला १३८ दिसतात त्याच वेगाला अकरा वाजता १५० दिसू शकतात. अशा वेळी आकडा खाली आणायचा म्हणून वेग फार पाडण्याची गरज नसते, पण पाणी, मीठ-साखर-लिंबू आणि दहा मिनिटांची सावली यांची गरज नक्की असते. रात्री झोप झालेली नसेल किंवा ताप येऊ घातला असेल तर सकाळी उठल्याबरोबरची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त भरते. तुमची ६०ची सवय असलेली नाडी ६८-७० दिसली तर त्या दिवशी घाट नको, खडकवासल्यापर्यंत जाऊन परत या.

आता बीआरएम. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांब्यांसकट ताशी १४.८ किलोमीटर. सायकल चालती असताना ताशी २०चा वेग राखलात तर चालवण्याचे दहा तास होतात आणि खाणे, पंक्चर, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का यांसाठी साडेतीन तास उरतात. म्हणून त्या दिवशी यंत्रातला आपोआप थांबण्याचा पर्याय बंद ठेवा किंवा निदान एकूण गेलेला वेळ पडद्यावर ठेवा. फक्त चालत्या वेळेकडे बघणारा माणूस हॉटेलात बसून वेळ घालवतो आणि त्याला पत्ता लागत नाही. पहिले १०० किलोमीटर १४०च्या आसपास, १४६च्या वर फक्त चढावर आणि तेही थोडाच वेळ. पहाटेची थंडी, आजूबाजूचे पन्नास सायकलस्वार आणि मनातली हुरहूर यांमुळे पहिल्या अर्ध्या तासात तुमचे ठोके तसेही आठ-दहाने वाढलेले असतील, तेव्हा सुरुवातीला पायांवर नव्हे, श्वासावर भरवसा ठेवा.

शेवटच्या पन्नास किलोमीटरांत मात्र एक उलटी गोष्ट घडते. जोर लावला तरी आकडा १३०च्या वर जात नाही, पाय दगडासारखे होतात, आणि पडदा पाहून वाटते की आपण तर आरामात चाललो आहोत, मग वेग का नाही. थकलेल्या आणि पोटात काही नसलेल्या शरीराची हृदयगती अशी वर यायलाच तयार नसते, आणि त्या वेळी कमी आकडा म्हणजे शिल्लक ताकद असे समजून जोर लावणारे पुढच्या दहा किलोमीटरांत रस्त्याच्या कडेला बसलेले दिसतात. मीही एकदा असा खंबाटकीच्या पायथ्याशी वीस मिनिटे बसलो होतो, पडद्यावर १२६ ठोके बघत. ही वेळ आली की हृदयगतीचे पान बदलून टाका, पुढच्या टपरीवर उतरा, गोड चहा, दोन केळी आणि मिळाला तर राजगिऱ्याचा लाडू खा, आणि पंधरा मिनिटांनी निघाल्यावर पहिल्या छोट्या चढावर आकडा १४०कडे सरकतो का ते बघा.